दहावीच्या मुलांना कामं दाखवा

2005 च्या आसपास महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात बारावीचा निकाल लागला की एकच चौकशी सुरू व्हायची: डी.एड.ला नंबर लागेल का? शिक्षक होण्यासाठीचं दोन वर्षांचं पदविका शिक्षण, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, गावाजवळ राहायची सोय, आणि मुलगी असेल तर स्थळंही चांगली येणार. ऐंशी टक्क्यांच्या पुढचे गुण मिळवलेली मुलंही तिकडे वळली. मागणी बघून डी.एड. महाविद्यालयं गावोगावी निघाली. मग 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. हजेरीपटावरची मुलं आणि वर्गात बसलेली मुलं यांतला फरक उघड झाला, शिक्षक अतिरिक्त ठरू लागले आणि भरती थांबली. त्यानंतर 2013 मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. हातात पदविका घेऊन बसलेल्या मुलामुलींची ऐन उमेदीची वर्षं भरतीच्या बातमीची वाट बघण्यात गेली. कुणी खासगी संस्थेत तुटपुंज्या मानधनावर शिकवत राहिलं, कुणी दुकानात लागलं, कित्येक मुलींची लग्नं होऊन पदविका कपाटात गेली. पुढे ती महाविद्यालयंही ओस पडली.

त्या मुलांचे आईवडील अविचारी नव्हते. डोळ्यांसमोर जे दिसत होतं, त्यावरून त्यांनी हिशेब केला होता. शेजारच्या घरातली मुलगी शिक्षिका झाली, तिचा पगार सुरू झाला, घराला रंग लागला, मग आपल्याही मुलीला तिकडेच घालावं असं त्यांना वाटलं. कोणत्या क्षेत्राला स्कोप आहे, हे आपण आजही असंच ठरवतो. पण मागच्या पाच वर्षांत कुणाचं काय झालं, यावरून पुढच्या दहा वर्षांचं भाकीत करायची आपली कुवत नाही. ती कुणाचीच नाही. तरीही दहावीच्या निकालानंतर घरात, नात्यात, क्लासच्या समुपदेशन वर्गात मुलाला सर्वांत जास्त काय मिळत असेल, तर ते भाकीतच.

अभियांत्रिकीचंही तेच झालं. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि मध्यमवर्गाला एक मोठी वाट सापडली. त्या वाटेने लाखो घरं वर आली, हे मान्यच करायला हवं. पुढे महाविद्यालयं वाढतच गेली, आणि 2010 नंतरच्या दशकात अशी वेळ आली की दर वर्षी हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या, अनेक संस्थांना कुलूप लागलं. मेकॅनिकल आणि सिव्हिल या शाखांना कुणी विचारेना. आता पुन्हा लाट आली आहे ती कॉम्प्युटर, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सची. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवल्यावर महाविद्यालयांनी याच शाखांच्या जागा वाढवल्या. यंदा दहावी झालेलं मूल बारावी करून अभियंता व्हायला सहा वर्षं लागतील. डॉक्टर व्हायचं असेल तर इंटर्नशिप धरून साडेसात वर्षं, आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षं त्यावर. एवढ्या अवधीत प्रोग्रामिंगचं काम कोण करत असेल, किती माणसं लागतील, त्यांना पगार किती मिळेल, हे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसापासून मुलाला जरा लांबच ठेवावं.

या सगळ्या अनिश्चिततेवर आपल्याकडे एक तोडगा काढलेला आहे: सायन्स घे, म्हणजे सगळे दरवाजे उघडे राहतील. नववी-दहावीत चांगले गुण असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हे वाक्य ऐकवलं जातं. त्यात तथ्य आहे. विज्ञान शाखेतून बारावी केलेलं मूल पुढे बी.ए., बी.कॉम., कायदा, काहीही करू शकतं. कला किंवा वाणिज्य शाखेतल्या मुलाला सरळ अभियांत्रिकीला किंवा एमबीबीएसला जाता येत नाही. त्यामुळे काय करायचं ते अजून ठरत नसेल तर सायन्स घ्यावं, हा सल्ला वरवर शहाणपणाचा दिसतो.

माझा आक्षेप असा आहे, की हा सल्ला निर्णय पुढे ढकलत नाही. त्याच क्षणी एक निर्णय होऊन जातो आणि तो झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. आजचं अकरावी-बारावी सायन्स म्हणजे पूर्वीसारखी दोन वर्षं विज्ञान शिकणं राहिलेलं नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण धरतात, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात. वैद्यकीयसाठी आता देशभर नीट हीच एक प्रवेश परीक्षा आहे. म्हणून घरचे कॉलेज नावापुरतं घेतात आणि क्लास खरा धरतात. कॉलेज आणि क्लास यांच्यातल्या इंटिग्रेटेड किंवा टाय-अपच्या नावाखाली मूल कॉलेजात जातच नाही. प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांच्या बघून लिहिल्या जातात, प्रयोगशाळेत उपकरणांवर धूळ बसते. 2018 मध्ये शिक्षण विभागाने विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, ती याच कारणाने. क्लासची दोन वर्षांची फी लाखांत असते. सकाळी सहा ते रात्री दहा असा दिवस असतो. या दोन वर्षांत मूल खेळ सोडतं, तबला सोडतं, वाचन सोडतं. मग ज्या उघड्या दरवाजांसाठी हे सगळं केलं, त्यांतल्या किती दरवाजांकडे बारावीनंतर बघायची ताकद त्या मुलात उरते?

आकडे बघा. 2024 च्या नीटला देशभरातून 23 लाखांहून अधिक मुलं बसली होती. एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे डॉक्टर व्हायचंच या तयारीने आलेल्या बहुतेक मुलांना दुसरं काहीतरी करावंच लागणार. पण ते दुसरं म्हणजे काय, याची चर्चा त्यांच्या घरात झालेली नसते, कारण ती करणं अपशकुनासारखं मानलं जातं. मग एक वर्ष रिपीट, कधी दोन. शेवटी जो प्रवेश मिळतो तो हरल्याच्या भावनेने घेतलेला असतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ही मुलं दिसतात. हुशार असतात, पण आपण इथे शिकायला आलोय असं त्यांना वाटत नाही, बाजूला काढलं गेल्यासारखं वाटतं. वास्तविक बी.एस्सी.ला स्वतःची प्रतिष्ठा आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत पहिल्यापासून संशोधनाचा अनुभव देणारा अभ्यासक्रम आहे आणि त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. ज्या मुलाला खरोखर जीवशास्त्र आवडतं, त्याला बारावी होईपर्यंत हे नावही कुणी सांगितलेलं नसतं.

मोठ्यांनी भविष्य सांगण्याचं काम सोडावं आणि जी तीन कामं त्यांच्या हातात आहेत ती नीट करावीत, असं मला वाटतं. मुलाला नियम कळू द्यावेत, घरातला पैसा कळू द्यावा आणि प्रत्यक्ष काम बघू द्यावं. निवड त्याची राहू द्यावी.

नियमांबद्दल आपलं अज्ञान फार मोठं आहे, आणि वाटा बंद झाल्याचं भय बरंचसं त्या अज्ञानातून येतं. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, सी.ए. फाउंडेशन, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, मानसशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता यांना बारावीची कुठलीही शाखा चालते. सी.ए.ची आर्टिकलशिप, म्हणजे सक्तीचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, 2023 च्या नव्या योजनेनुसार तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. अकरावीत जीवशास्त्र सोडलेल्या मुलीला बारावीनंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर नोव्हेंबर 2023 पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून देऊन नीटला बसायची मुभा दिली आहे. उलट काही दरवाजे खरोखर बंद होतात आणि त्यांची कल्पना कुणी देत नाही. अकरावी कॉमर्सला गणित अवघड म्हणून सोडून दिलं, की दिल्ली विद्यापीठातल्या अर्थशास्त्र ऑनर्ससारखे अभ्यासक्रम हातातून जातात. कला शाखेत गणित घेता येतं, पण ते शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं मोजकीच आहेत. वयाच्या सोळाव्या वर्षी गणित सोडणं हा शाखा निवडण्याइतकाच मोठा निर्णय आहे, आणि तो अर्ज भरताना पाच मिनिटांत होतो.

डिप्लोमाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या वाटेचा महाराष्ट्रात सर्वांत जास्त अपमान होतो. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं शिक्षण, आणि डिप्लोमाच्याच गुणांवर थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. मध्ये जेईई नाही, सीईटी नाही. दहावीनंतर अभियंता व्हायला या वाटेनेही सहाच वर्षं लागतात. फरक हा, की या मुलाने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लेथवर, सर्किटवर, साइटवर हाताने काम केलेलं असतं आणि घरची परिस्थिती बिघडली तर नोकरी धरता येते. ज्याला अभियांत्रिकीतच जायचं आहे, त्याच्यासाठी दोन वर्षं क्लासमध्ये पर्याय गोल करण्यापेक्षा ही वाट मला कितीतरी पटींनी बरी वाटते. तरी नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाने डिप्लोमाचं नाव काढलं, तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. आयटीआयचं तर विचारूच नका. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि तिथून पुढे अभियांत्रिकीला जाता येतं, ही सलग वाट कागदावर आहे. ती माहीत असलेले पालक आणि शिक्षक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पैशाचा विषय आपण मुलांपासून लपवतो. त्यांच्या मनावर ओझं नको, हा त्यामागचा हेतू प्रेमाचाच असतो. पण परिणाम असा होतो, की खासगी वैद्यकीय महाविद्यालयाची फी आपल्याला कधीच झेपणार नाही हे वडिलांना दोन वर्षं माहीत असतं आणि मुलीला ते निकालानंतर कळतं. सोळा वर्षांच्या मुलाला घराचं उत्पन्न, शेतीवरचं कर्ज, धाकट्या भावंडांचा खर्च समजावून सांगता येतो. तो ते समजून घेतो, आणि पुष्कळदा मोठ्यांपेक्षा व्यवहाराने विचार करतो. त्याच्यासोबत बसून सवलतींचीही यादी काढावी. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटांतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. त्यासाठी लागणारी कागदपत्रं, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता प्रमाणपत्र, ही अकरावीतच मार्गी लावावी लागतात. जातवैधता वेळेत न मिळाल्याने हाती आलेली जागा गेलेली मुलं दर वर्षी असतात. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात स्वप्नांवर तासभर बोलणाऱ्यांनी जात पडताळणी समितीच्या अर्जावर दहा मिनिटं बोलावं, त्याने जास्त मुलांचं भलं होईल.

तिसरी गोष्ट, काम बघण्याची, मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने जवळून पाहिलेले व्यवसाय किती? घरातले, शाळेतले शिक्षक, डॉक्टर, आणि मोबाइलवर दिसणारे. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलीने रुग्णालयातली रात्रपाळी पाहिलेली नसते. वकील व्हायचं म्हणणाऱ्या मुलाला हेही माहीत नसतं, की जिल्हा न्यायालयाचं कामकाज सर्वांसाठी खुलं असतं आणि तो जाऊन मागच्या बाकावर दिवसभर बसू शकतो. एक दिवस बसला, की तारीख पे तारीखचा कंटाळा त्याला दिसेल आणि चांगली उलटतपासणीही दिसेल. दोन्ही बघून त्याला पुन्हा जावंसं वाटलं, तर ते कुठल्याही चाचणीपेक्षा खरं उत्तर आहे. सप्टेंबरमध्ये, लेखापरीक्षणाच्या मुदतीच्या आधी, सी.ए.च्या ऑफिसात आठवडाभर बसून बघावं. शेतीत रस असेल तर जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात जावं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथे आपली चार कृषी विद्यापीठं आहेत, आणि बी.एस्सी. अ‍ॅग्रीला जाणाऱ्या पुष्कळ मुलांचा डोळा पहिल्या दिवसापासून स्पर्धा परीक्षेवर असतो. मातीचं, बियाण्याचं, रोगांचं शास्त्र कुणी त्यांना आवडीने दाखवलेलं नसतं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला म्हणजे, पंधरा वर्षांच्या पोराला काय कळतं? खरं आहे, पुष्कळ कळत नाही. त्याची आवड सहा महिन्यांत बदलू शकते. म्हणूनच तर एका परीक्षेवर सगळं लावू नये आणि वळता येईल अशा वाटा आधी बघाव्यात, असं माझं म्हणणं आहे. आवड म्हणजे एखाद्या विषयाचं आकर्षण, एवढंच धरलं तर फसगत होते. रोज काय करायला कंटाळा येत नाही, माणसांशी बोलायला आवडतं की एकट्याने बसायला, चूक झाली तर पुन्हा करून बघावंसं वाटतं का, हे पंधराव्या वर्षीही दिसतं. बघणारा हवा. आईला ते बहुतेक वेळा माहीत असतं, पण निर्णयाच्या बैठकीत तिला कुणी विचारत नाही. तिथे काका, मामा आणि क्लासचे सर बोलतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आवड-निवड ही सुखवस्तूंची चैन आहे, ज्या घरात पहिल्यांदाच कुणी बारावी होतंय तिथे पोटाचा विचार आधी येणार. हे मी नाकारत नाही. पण चुकीच्या भाकिताची किंमत सर्वांत जास्त याच घरांनी मोजली आहे. डी.एड.मध्ये अडकली ती बहुतेक गावाकडची, पहिल्या पिढीतली मुलं होती. शहरातल्या मुलाचा अंदाज चुकला तर तो खासगी विद्यापीठात दुसरा अभ्यासक्रम घेतो, परदेशी जातो. शेतमजुराच्या मुलाला दुसरी संधी नसते. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला खरी माहिती आणि कमी खर्चात वळता येणारी वाट यांची गरज जास्त. मुलींच्या बाबतीत तर अजून एक कुंपण असतं. शाखा त्यांच्या आवडीवर ठरत नाही आणि स्कोपवरही ठरत नाही. एसटी कुठपर्यंत जाते आणि संध्याकाळी किती वाजता परत येते, यावर ठरते. वसतिगृहाची एक जागा त्या मुलीसाठी दहा समुपदेशन सत्रांपेक्षा जास्त काम करते.

म्हणून ही गोष्ट फक्त घराघरांवर सोडून चालणार नाही. राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे बघणारी कल चाचणी सुरू केली होती. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं त्यात होती. कल्पना चांगली होती. पण अहवाल हातात पडल्यावर त्यावर बोलायला शाळेत माणूस नव्हता. ललित कला असं छापून आलेला कागद घेऊन मुलगा घरी गेला, वडिलांनी तो घडी करून ठेवला आणि सायन्सचा अर्ज भरला. काही वर्षांत चाचणीही बंद पडली. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत समुपदेशकाची अट आहे. राज्य मंडळाच्या गावाकडच्या शाळेत मुख्याध्यापकच लिपिकाचं काम करत असतात. प्रत्येक शाळेला समुपदेशक देणं आज परवडत नसेल, तर दहा-पंधरा शाळांच्या केंद्राला एक प्रशिक्षित माणूस द्यावा, ज्याला प्रवेशाचे नियम, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, स्थानिक रोजगार यांची ताजी माहिती असेल आणि ज्याचं कुठल्याही क्लासशी किंवा महाविद्यालयाशी देणंघेणं नसेल. आज मोफत मार्गदर्शन शिबिरं घेणारे बहुतेक जण स्वतःच्या जागा भरायला आलेले असतात.

आणि वेळ आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकाल मेमध्ये लागतो. मधले आठ-दहा आठवडे आज अकरावीच्या क्रॅश कोर्सला विकले जातात. निकालाआधीच प्रवेश घेतला तर फीमध्ये सूट, अशा जाहिराती त्याच काळात झळकतात, आणि ज्या मुलाला स्वतःचे गुणही माहीत नाहीत त्याचे दोन वर्षांचे पैसे भरून मोकळे होतात. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालील आणि दहावी न झालेल्या मुलांना कोचिंगमध्ये घ्यायला मनाई केली आहे. राज्याने ती अंमलात आणायला या दोन महिन्यांपासूनच सुरुवात करावी. त्याऐवजी प्रत्येक मुलाला या सुट्टीत तीन वेगवेगळ्या ठिकाणी चार-चार दिवस काम बघता येईल, अशी व्यवस्था जिल्हा परिषद, आयटीआय, सरकारी रुग्णालय, न्यायालय, कृषी केंद्र आणि गावातले कारखाने, दुकानं, कार्यालयं मिळून करू शकतात. खर्च होईल तो एसटीच्या पासचा आणि दुपारच्या डब्याचा. हे एखाद्या जिल्ह्याने येत्या एप्रिलमध्येच करून बघावं, आणि जूनमध्ये त्या जिल्ह्यातल्या मुलांनी भरलेले अकरावीचे, डिप्लोमाचे आणि आयटीआयचे अर्ज शेजारच्या जिल्ह्याच्या अर्जांशेजारी ठेवून तपासावेत.